रिझर्वेशन नसलेला आवाज

तातेराव बोर्डे एस.टी.तून रिटायर झाले आणि सव्वा महिन्याच्या आत त्यांना दचकायचा रोग लागला.

आधी शिवकन्याबाईंना वाटलं, नवीन नवीन आहे, बसेल घडी. एकतीस वर्षं हा माणूस कंडक्टर म्हणून भोकरदन-जालना, जालना-भोकरदन करत राहिलेला. त्याला घरात बसायची सवय कुठून असणार? पण घडी काही बसेना. कुकरची शिट्टी झाली की तातेराव खुर्चीतून वीतभर वर. शेजारी रामरावांच्या घराचा वरचा मजला चढत होता, तिथं फरशी कापायचं मशीन सुरू झालं की तातेराव थेट अंगणात. सुनेच्या, दीपमालाच्या हातून एकदा ताट निसटलं, तर यांनी आपल्या हातातलंही फेकून दिलं, तिला सोबत म्हणून दिल्यासारखं. नात्यातल्या एका मयताच्या जलदान विधीला गेले असताना सगळे डोळे मिटून शांत बसलेले, आणि कुणाचा तरी फोन वाजला. तातेराव उडाले ते बाजूला बसलेल्या व्याह्यांच्या मांडीवर जाऊन बसले. व्याही सज्जन माणूस. डोळे न उघडता म्हणाले, "बसा, बसा."

शिवकन्याबाई स्वतः अंगणवाडीत. चाळीस लेकरं एकदम रडली तरी त्यांच्या हातातला पोह्यांचा झारा हलत नसे. त्यांना हे प्रकरण समजेना.

"आवं, त्या गाडीत एवढी वर्सं काढली तुमी. काचा वाजायच्या, पत्रा वाजायचा, माणसं भांडायची. तवा कधी दचकले न्हाई ते?"

तातेरावांनी बराच वेळ विचार केला. "तवा माझ्या हातात दोरी व्हती," ते म्हणाले.

दोरी म्हणजे गाडीच्या टपाखालून पार ड्रायव्हरपर्यंत गेलेली घंटीची दोरी. एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की निघायची. तातेरावांनी ती आयुष्यात किती वेळा ओढली असेल याला गणती नाही, आणि ती घंटी आपल्या कानानं ऐकल्याचं त्यांना एकदाही आठवत नव्हतं.

जालन्याच्या डॉक्टरांनी दोन्ही कान बघितले. कान पंचविशीतल्या पोराचे आहेत म्हणाले. ही खबर ऐकून घरात कुणाला आनंद झाला नाही.

मग दिवाळीच्या सुट्टीत मोनाली आली. ती तातेरावांच्या धाकट्या भावाची मुलगी, संभाजीनगरला विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. येताना तिनं एक पेटी आणली. पेटीत भोकंभोकं असलेली रबरी टोपी, तिला लोंबणाऱ्या वायरी आणि दाढीच्या क्रीमसारख्या काहीतरीची ट्यूब. तिला अभ्यासासाठी साठीच्या आसपासची माणसं हवी होती आणि विद्यापीठात तेवढी म्हातारी माणसं गप्प बसायला तयार होत नव्हती.

"मोठे बाबा, तुमचं टक्कल फार चांगलं आहे," टोपी बसवता बसवता ती म्हणाली. "वायरी एकदम नीट टेकतात."

टकलाचं कौतुक तातेरावांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते ताठ बसले.

आधी नुसते आवाज आले. टुंग, टुंग, टुंग, आणि मध्येच कधीतरी वेगळाच एक टँग. दर आवाजाला तातेराव थोडे थोडे उडत होते आणि लॅपटॉपवरच्या रेघा त्यांच्याबरोबर उडत होत्या. मग मोनालीनं त्यांच्या हातात एक बटन दिलं. तुम्हाला वाटेल तेव्हा दाबा म्हणाली. त्यांनी दाबलं, टुंग. दाबलं, टुंग. माणूस जागचा हलला नाही. शिवकन्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. महिनाभरात नवरा इतका वेळ एका जागी बसलेला त्यांनी पाहिला नव्हता. मग बटन दाबल्यावर एकदा टँग वाजलं आणि तातेराव टोपीसकट उभेच राहिले.

संध्याकाळी चहा घेताना मोनालीनं त्यांना समजावलं.

"समजा गाडीत रिझर्वेशनवाला प्रवासी चढला. तुम्ही काय करता?"

"काय करायचं? यादीत नाव बघायचं, बस म्हणायचं."

"मान वर करून त्याच्याकडं बघता?"

"न्हाई. कशाला?"

"आणि बिगर रिझर्वेशनचा चढला तर?"

"मंग बघावं लागतं. कोण हाय, कुठं चालला, सोबत बोचकं किती."

"बस, तेच. बटन तुम्ही स्वतः दाबलं की मेंदूला आधीच खबर असते, आवाज येतोय. तो मान वर करत नाही. आपोआप येणारा आवाज बिगर रिझर्वेशनचा. त्याच्याकडं मेंदू दचकून बघतो."

"अन् मी दाबलं अन् टुंगच्या जागी टँग आलं, ते?"

"तेव्हा तर मेंदू जास्तच बघतो. रिझर्वेशन रामराव काकांच्या नावचं, आणि दारातून चढला हेला."

तातेरावांच्या डोळ्यांपुढं तो हेला, चांगला शिंगावाला रेडा, तिकिटासकट उभा राहिला. ते हसले. मोनाली आपल्या रेघा पेटीत भरून दुसऱ्या दिवशी निघून गेली, आणि एवढं सगळं समजावून दिल्यावर या माणसाचं काय करायचं ते मात्र सांगून गेली नाही.

तातेरावांनी ते स्वतःच ठरवलं. बाजारातून पिवळी नायलॉनची दोरी आणि एक पितळी घंटी आणली. बैठकीतल्या खुर्चीपासून पंख्याच्या हुकावरून, दाराच्या चौकटीवरून दोरी स्वयंपाकघरात नेली आणि घंटी दीपमालाच्या डोक्यावर टांगली. मग सगळ्यांना बोलावून नियम सांगितला. इथून पुढं घरात आवाज होणार तो घंटीवर होणार. ज्याला आवाज करायचा असेल त्यानं आधी कळवायचं. दोरी दोनदा ओढली की करायचा.

"मामा, मिक्सर लावायचा हाय," दीपमाला आतून सांगायची, तेही हळू. तातेराव डबल बेल द्यायचे. मिक्सर घुरघुरायचा. तातेराव पेपर वाचत राहायचे.

उपाय लागू पडला, हे शिवकन्याबाईंना कबूल करावं लागलं. कुकरचं जमत नव्हतं, कारण कुकर कुणाचं ऐकत नाही. पण दीपमाला हुशार. शिट्टी यायला झाली की ती गॅस बारीक करून धरायची आणि घंटी वाजली की चमच्यानं शिट्टी उचलायची.

राहिलं रामरावांचं मशीन. रामराव हे मूळचे गावाकडचे मोठे शेतकरी, मुलांच्या शिक्षणासाठी भोकरदनला येऊन राहिलेले. तातेराव त्यांच्याकडं गेले आणि सगळं मांडलं, मेंदू, रिझर्वेशन, हेला.

"म्हणजे तुमची घंटी वाजल्याबिगर माझ्या मिस्त्र्यानं मशीन चालू करायचं न्हाई?" रामरावांनी विचारलं.

"हाव."

"अन् तुमी जेवाय बसले तर?"

"मंग आवाज बंद. तुमी बी जेवून घ्या."

रामराव नाही म्हणणार होते. पण फरशीवाला कल्याण वरून सगळं ऐकत होता. तो शिडी उतरून आला आणि म्हणाला, "मालक, बराबर बोलून राह्यले ते. मशीन कवा सुरू करावं हे मला बी कधी समजत न्हाई. कुणी सांगितलं तर बरंच व्हईल." मिस्त्रीच असं म्हणतो म्हटल्यावर रामरावांचा इलाज चालला नाही. दोरी भिंतीवरून पलीकडं गेली.

तिथून ती गल्लीत गेली. भाजीवाल्या कौसल्याबाईंचा आवाज म्हणजे तीन गल्ल्यांना पुरेल असा. त्या आता ओट्याशी येऊन थांबायच्या, घंटी झाली की "मेथी" म्हणायच्या. भंगारवाला गाड्यावरचा भोंगा बंद ठेवून उभा राहायचा. त्याच्यामागं सिलिंडरवाला, त्याच्यामागं नवीन मोटरसायकलचा हॉर्न लोकांना ऐकवायला आलेला एक जण. सकाळी दहाच्या सुमाराला बोर्ड्यांच्या ओट्यावर आवाज करायला आलेल्या माणसांची रांग लागू लागली, आणि रांग म्हटल्यावर तातेरावांतला कंडक्टर जागा झाला. त्यांनी जुन्या वहीच्या चिठ्ठ्या फाडल्या, दीपमालाचं कागदाला भोक पाडायचं पंच घेतलं आणि ज्याला त्याला तिकीट द्यायला बसले. मेथी, एक. भोंगा, एक. चटणी मिक्सर, एक. एकदा शिवकन्याबाईंना शिंक येत होती, तर त्या नाक दाबून बैठकीत आल्या, डोळ्यांतून पाणी काढत तिकीट घेतलं, घंटी झाल्यावर शिंकल्या. शिंकल्यानंतर त्यांच्या मनात आलं की आपण हे काय करून राह्यलो. पण तोवर पुढचा माणूस आत आला होता.

गंमत अशी की लोकांना हे आवडत होतं. आपल्या आवाजाची कुणीतरी वाट बघतंय, नोंद घेतंय, हे त्यांना कधी मिळालं नव्हतं. भंगारवाला तर आपली तिकिटं खिशात जपून ठेवत असे.

एका दुपारी दीपमालानं मिक्सरची तयारी केली, तातेरावांनी डबल बेल दिली, आणि त्याच क्षणाला लाईट गेली. घंटीनंतर काहीही वाजलं नाही. त्या न वाजलेल्या आवाजानं तातेराव असे उडाले की दोरी हुकातून निघाली आणि खुर्ची उलटी झाली. सासू-सून धावत बाहेर आल्या. तातेराव जमिनीवर बसलेले, छातीवर हात.

"केवढा मोठा आवाज झाला," ते म्हणाले.

"काहीच झाला न्हाई मामा. लाईट गेली."

"तेच म्हणतोय मी. जन्मात असा ऐकला न्हाई."

त्या दिवसापासून नियमात भर पडली. लाईट गेली तर दीपमालानं तोंडानं मिक्सरचा आवाज काढायचा. ती एम.कॉम. झालेली होती. तिनं तो काढला.

शिवकन्याबाईंची पाळी त्यानंतर आली. एका सकाळी त्यांनी मागून "आवं" म्हणून हाक मारली आणि तातेराव नेहमीसारखे उडाले. खाली आल्यावर म्हणाले, "राजानंदची माय, तुमच्या बोलण्याला बी दोरी लावावी लागंल."

राजानंद म्हणजे त्यांचा मुलगा, दीपमालाचा नवरा, जालन्याला नोकरीला. शिवकन्याबाई हसल्या. मग त्यांनी बघितलं की नवरा चिठ्ठी फाडतोय. "बोलणं, एक," त्यांनी पंच केलं आणि चिठ्ठी पुढं केली.

घरात शांतता राहत असेल तर राहू दे, असं म्हणून त्यांनी ती घेतली. काही सांगायचं असलं की समोरच्या स्टुलावर बसायचं, तिकीट दाखवायचं, घंटी झाली की बोलायचं. तातेराव शांतपणे ऐकायचे, मान हलवायचे, "बराबर हाय" म्हणायचे. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, एवढं शांतपणे त्यांनी बायकोचं कधी ऐकून घेतलं नव्हतं. पहिले दोन दिवस शिवकन्याबाईंना फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की "बराबर हाय" शिवाय दुसरं काही येतच नाहीये. त्यांनी अंगणवाडीतल्या बाळाची गोष्ट सांगितली, बराबर हाय. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, बराबर हाय. मग त्या थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. नवीन तिकीट घेतलं. घंटी झाली.

"आज वरणात फिनाईल टाकलंय," त्या म्हणाल्या.

"बराबर हाय."

दुसरं तिकीट. "राजानंदनं जालन्यात दुसरं लग्न केलं."

"चांगलं झालं."

स्वयंपाकघरात कणीक मळायचा आवाज थांबला. दीपमाला पिठाच्या हातानं दारात आली. शिवकन्याबाईंनी तिला हातानंच सांगितलं, तसं काही न्हाई, जा तू. मग त्यांनी तिसरं तिकीट घेतलं. का घेतलं ते त्यांना नंतर नीट सांगता आलं नाही. इतकी वर्षं जी गोष्ट कुणाला सांगितली नव्हती ती त्यांनी सांगितली.

राजानंद दीड वर्षाचा होता तेव्हाची. त्या माहेराहून येत होत्या, राजूरच्या अलीकडच्या फाट्यावर उभ्या होत्या, काखेत लेकरू, हातात पिशवी. समोरून गाडी आली ती नेमकी तातेरावांची. त्यांना इतका आनंद झाला की हात करायलाही लाज वाटली, अर्धाच केला. गाडी थांबली, दोन माणसं उतरली. त्या पदर सावरत धावत आल्या, दारापर्यंत पोचल्या, आणि आत तिकिटाच्या ट्रेमध्ये डोकं घातलेल्या तातेरावांनी वर न बघता डबल बेल दिली. गाडी गेली. त्या लेकराला घेऊन काळ्या-पिवळ्या जीपमधून आल्या. रात्री नवऱ्यानं कशा आल्या म्हणून विचारलंही नाही.

"बराबर हाय," तातेराव म्हणाले आणि पुढचं तिकीट पंच करून डबल बेल दिली. ओट्यावरून कौसल्याबाईंचा आवाज आला, मेथी.

शिवकन्याबाई उठून आत गेल्या आणि त्यांनी मोनालीला फोन लावला.

रविवारी मोनाली पेटी घेऊन आली. या वेळी टुंग नव्हतं. तिनं तातेरावांना टोपी घातली आणि आवाजाच्या जागी शिवकन्याबाईंना बसवलं. तातेरावांनी दोरी ओढायची, शिवकन्याबाईंनी "आवं" म्हणायचं. असं चाळीस वेळा. मग दोरी बाजूला ठेवली, आणि शिवकन्याबाईंनी मनाला येईल तेव्हा "आवं" म्हटलं. तेही चाळीस वेळा. तातेराव चाळीसदा उडाले. रामरावांसह अर्धी गल्ली खिडकीत उभी होती, आणि खिडकीतल्या लोकांनी खोकायची तिकिटं आधीच घेऊन ठेवली होती.

मोनालीनं रेघा दाखवल्या. दोरीवरच्या "आवं"ला रेघ जेमतेम हलली होती. बिगर दोरीच्या "आवं"ला ती पार वरच्या काठाला जाऊन आली होती.

"मोठी आई, ओढून आणलेल्या आवाजाला यांचा मेंदू बस म्हणतो आणि वर बघतच नाही," मोनाली म्हणाली. मग तिला आपले सर आठवले असावेत. "पण एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हं. अजून पुष्कळ माणसं लागतील."

"मला सिद्ध न्हाई करायचं," शिवकन्याबाई म्हणाल्या. "मला बोलायचं हाय."

त्या उठल्या, नवऱ्याच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या आणि घंटी नाही, तिकीट नाही, एकदम म्हणाल्या, "राजूरच्या फाट्यावर तुमी मला सोडून गेल्ते."

तातेराव उडाले. वायरी ताणल्या, लॅपटॉप टेबलावरून घसरला, मोनालीनं तो कसाबसा धरला. खाली आल्यावर तातेराव पूर्ण मागं वळले. टोपी कानावर आली होती.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"राजानंद दीड वर्साचा व्हता."

"मी गेल्तो? तुमाला सोडून?"

"हाव. मी दारापोत्तर आल्ते. तुमी वर बघितलंच न्हाई. घंटी देली."

तातेरावांनी डोळे बारीक केले. शिवकन्याबाईंना ठाऊक होतं, ते आता गाडी आठवत होते, वेळ आठवत होते. "गाडी फुल असंल," ते शेवटी म्हणाले.

"पुढच्या दोन सीटा रिकाम्या व्हत्या."

तातेरावांनी कानावरची टोपी सरळ केली. खिडकीत कुणालातरी खोकला आला, त्यानं तो गिळला.

"मंग तुमी आल्या कशा?"

"काळी-पिवळीनं. मागं, शेळीजवळ बसून."

"लेकराला घेऊन?"

"मंग काय फाट्यावर ठेवते काय त्याला?"

तातेराव उठले. टोपी डोक्यावर तशीच. त्यांनी पंख्याच्या हुकावरची दोरी सोडली, चौकटीवरची सोडली, भिंतीपलीकडून ओढून घेतली आणि हातावर गुंडाळत गुंडाळत अंगणात गेले. मोनाली मागून "मोठे बाबा, वायरी" म्हणत गेली. तिच्या हाकेला ते पुन्हा उडाले.

गल्लीला हे पसंत पडलं नाही. दुसऱ्या दिवशी कल्याण दुपारपर्यंत मशीनपाशी हात बांधून बसून राहिला. घंटी नाही तर कसं सुरू करणार म्हणाला. कौसल्याबाईंच्या तोंडून मेथी निघेना. भंगारवाला आपली जुनी तिकिटं घेऊन आला, परत चालतील का म्हणून. शेवटी रामराव येऊन दोरी मागून घेऊन गेले आणि त्यांनी ती आपल्या घरी लावली. आता ते ओढतात, आणि फार समाधान आहे म्हणतात. त्यांच्या बायकोला, तुळजाबाईंना, कसं काय आहे ते विचारायला अजून कुणी गेलेलं नाही.

तातेराव दचकतात ते दचकतातच. कुकरला उडतात, फोनला उडतात. पण आठवड्याभरानं एक दिवस शिवकन्याबाई अंगणवाडीतून आल्या, तर नवरा बैठकीत चटईवर भिंतीला पाठ लावून बसलेला. खुर्ची बाजूला सारलेली. टेबलाचे कोपरे टॉवेलनं बांधलेले. चष्मा काढून खिडकीत ठेवलेला.

"हे काय?" शिवकन्याबाईंनी विचारलं. ते थोडे उडाले, पण खाली चटईच होती.

"फाट्यासारखं अजून काय काय राह्यलं सांगायचं?" तातेरावांनी विचारलं.

शिवकन्याबाईंनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, पाणी पिऊन आल्या. पस्तीस वर्षांतलं नेमकं कुठून सुरू करावं, हे त्यांना चटकन सुचेना.

"लई हाय," त्या म्हणाल्या.

"असू द्या. जल्दी न्हाई मला," तातेराव म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात चटईवर घट्ट टेकवले.